नजरेचा टप्पा आणि गाडीचा वेग



मराठीत ‘नजरेचा टप्पा’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. बांधावर उभा राहून शेतकरी सांगतो, नजरेच्या टप्प्यात येतं तेवढं शेत आमचं. ‘नजर’ हा शब्द अरबीतून निघाला, फारसी-उर्दूची वाट चालत मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. घरात उर्दू, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन पाण्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाचे विशेष प्रेम आहे. कवी मंडळींनी नजरेवर उदंड लिहिले. पण नजरेचा टप्पा मीटरमध्ये मोजायचा आणि त्यावर माणसांचे जीव सांभाळायचे, हे काम रस्ते आखणारे अभियंते करतात. त्यांच्या भाषेत या टप्प्याला ‘दृष्टी-अंतर’ म्हणतात. चालकाला आपल्या पुढचा रस्ता किती लांबपर्यंत अखंड दिसतो, ते अंतर. आज त्याविषयी बोलायचे आहे. मी अभियंता नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. पण हे गणित चौथी-पाचवीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याची भूमी दोन स्वभावांची आहे. तापीच्या काठाने पसरलेली काळी, सपाट जमीन आणि तिच्या उत्तरेला उभा असलेला सातपुडा. सपाटीवरून डोंगरात जायचे तर घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. अक्कलकुव्याकडून मोलगीला जाताना देवगोई घाट. शहाद्याकडून तोरणमाळला चढताना सातपायरी घाटाची नागमोडी वळणे. आणि दक्षिणेला, नवापूरच्या बाजूने सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारी.

ही नावे अलीकडे आपण वारंवार वर्तमानपत्रात वाचली आहेत. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे कोंडाईबारी घाटात प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली आणि पाच जणांचा जीव गेला. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळच्या परिसरात मजुरांना घेऊन निघालेली गाडी दरीत गेली. त्याच वर्षी जुलैत, त्याच परिसरातल्या सिंदीदिगरच्या घाटात प्रवासी जीप कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात उलटली. पुढच्याच महिन्यात देवगोई घाटात विद्यार्थ्यांना घेऊन जाणारी बस दरीत गेली. या प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असेल, तो चौकशीचा विषय आहे आणि त्यावर इथून निवाडा देणे बरे नव्हे. पण एवढे अपघात एकाच डोंगररांगेत होतात, तेव्हा चालकाबरोबर रस्त्यालाही काही प्रश्न विचारले पाहिजेत.

कोणी म्हणेल, मग डोंगरात रस्तेच नकोत का? तसे मुळीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी पत्नीला दवाखान्यात नेणाऱ्या एका नवऱ्याने तिला खांद्यावर घेऊन पायी वाट धरली. ती वाचली नाही. रस्ता नसणे म्हणजे काय, हे धडगाव-मोलगीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्याला रस्ता हवाच आहे, आणि चांगला हवा आहे. प्रश्न एवढाच, की चांगला रस्ता म्हणजे नेमका कसा?

आता गणिताकडे वळू. समजा, वळणापलीकडे रस्त्यात एक दगड पडला आहे. चालकाला तो दिसला. दिसल्याबरोबर गाडी थांबत नाही. आधी डोळा पाहतो, मग मेंदू ओळखतो, मग मन ठरवते आणि मग पाय ब्रेकवर जातो. ‘समोर काहीतरी आहे, थांबायला हवे’ हे वाक्य जरा शांतपणे म्हणून पाहा. साधारण अडीच सेकंद लागतील. आपल्या देशात रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने चालकासाठी हाच अडीच सेकंदांचा वेळ धरलेला आहे. या अडीच सेकंदांत गाडी आपल्या पूर्ण वेगाने पुढे जातच असते. ताशी ३० किलोमीटरचा वेग असेल तर ती २१ मीटर जाते, ६० चा असेल तर ४२ मीटर.

मग ब्रेक लागतो आणि खरी गंमत तिथे आहे. ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. ३० च्या वेगाला सुमारे ९ मीटर लागतात, तर ६० ला सुमारे ३९. दोन्ही आकडे मिळवा. ३० च्या वेगाने जाणाऱ्याला थांबण्यासाठी ३० मीटर हवेत आणि ६० च्या वेगाने जाणाऱ्याला ८० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटरची असते. म्हणजे एकाला दीड खेळपट्टी पुरते, दुसऱ्याला चार लागतात. ८० च्या वेगासाठी निकष १२० मीटरचा, म्हणजे सहा खेळपट्ट्यांचा आहे. हे सारे सपाट रस्त्याचे आणि बऱ्या टायरचे हिशेब आहेत. उतार असेल, पावसाने रस्ता निसरडा झाला असेल, गाडीत माणसे कोंबलेली असतील, तर अंतर आणखी वाढते.

रस्ता आखणाऱ्याने हे अंतर चालकाला दाखवायचे असते. मोजण्याची रीतही ठरलेली आहे. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आहे असे धरायचे, आणि समोरची वस्तू अवघी १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे दरडीतून सुटून आलेल्या दगडाएवढी. त्या डोळ्याला ती वस्तू थांबण्याइतक्या अंतरावरून दिसली पाहिजे. वळण असो की चढ संपून उतार लागण्याची जागा असो, नियम तोच.

अरुंद घाटरस्त्यावर यात आणखी एक भर पडते. एकाच गाडीपुरता रस्ता आहे आणि समोरून दुसरी गाडी आली, तर दोघांनाही थांबायचे आहे. तेव्हा दोघांच्या थांबण्याची अंतरे मिळून जेवढी होतात, तेवढे दिसायला हवे. म्हणजे ३० च्या वेगालाही ३० नव्हे, ६० मीटर. आपल्या डोंगरातल्या कितीतरी वळणांवर ६० मीटर रस्ता दिसतो का, हे पुढच्या प्रवासात आपणच पाहावे.

इथे थोडे इतिहासात डोकावू. देशातल्या रस्त्यांची स्थिती तपासण्यासाठी १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, ज्यांच्या नावाचे ग्रंथालय पुण्याच्या विद्यापीठात आहे. या समितीच्या शिफारशींमधूनच पुढे डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्यांच्या प्रश्नात लक्ष घालणारा पहिला मोठा माणूस मराठी होता आणि कायदेपंडित होता, ही गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटते. रस्ता हा निव्वळ खडी-डांबराचा मामला नव्हे, तो सार्वजनिक जबाबदारीचा मामला आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

या संस्थेच्या निकषांप्रमाणे प्रत्येक रस्त्याची एक ‘आखणीची गती’ असते. डोंगराळ भागातल्या प्रमुख जिल्हा मार्गासाठी ती ताशी ४० आहे. जागा फारच अडचणीची असेल तर ३०. केसात खोचायच्या आकड्यासारखे पूर्ण उलटे फिरणारे जे वळण असते, तिथे २०, आणि वळणाची आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर. म्हणजे कागदावर घाट हा मुळात सावकाश चालण्यासाठीच असतो. त्यात काही चूक नाही.

चूक पुढे होते. आपल्याकडचे बरेच डोंगरी रस्ते मुळात पाऊलवाटा होत्या. मग बैलगाडीची वाट झाली, जंगलातून लाकूड वाहून नेण्याची वाट झाली. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. त्याला वळणापलीकडचे दिसले काय आणि न दिसले काय, फारसा फरक पडत नाही. त्याच वाटेवर पुढे खडी पडली, त्यावर डांबर आले. खड्डे होते तोवर गाडी आपोआप हळू चालत होती. मग एके दिवशी नवा, गुळगुळीत थर येतो. गावकरी समाधानाने म्हणतात, रस्ता झाला. चालकाच्या पायाखाली गाडी सरसर पळू लागते. कालपर्यंत २० ने घेतले जाणारे वळण आज ४० ने घेतले जाते. पण वळण तेच आहे, डोंगराची कड तीच आहे, आणि पलीकडचे कालच्याइतकेच दिसते आहे. वेग वाढला, नजरेचा टप्पा वाढला नाही. या दोहोंमधला फरक म्हणजेच धोका.

श्रोतेहो, मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. वेग आणि नजर यांचा एक करार असतो. रस्त्यावर जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग असावा. हा करार पाळण्याची जबाबदारी चालकाची आहे, हे निर्विवाद. पण रस्ता असा करायचा की तो पळायचे आमंत्रण देईल, आणि पलीकडचे मात्र दाखवणार नाही, तर करार मोडायला लावणारा तो रस्ताच आहे.

मग टप्पा वाढवता येत नाही का? येतो. वळणाच्या आतल्या बाजूची डोंगराची कड मागे कापली की पलीकडचे दिसू लागते. पण किती कापायची? समजा, ५० मीटर त्रिज्येचे वळण आहे. ३० च्या वेगाला लागणारे ३० मीटर दिसावेत, तर गाडीच्या वाटेपासून आत सुमारे सव्वादोन मीटर जागा मोकळी हवी. ४० च्या वेगासाठी पाच मीटर. आणि ६० च्या वेगासाठी तब्बल पंधरा मीटर! वेग दुप्पट केला की डोंगर सातपट खोल कापावा लागतो. सातपुड्यात डोंगर कापणे म्हणजे काय, ते पावसाळ्यात दरडी कोसळतात तेव्हा कळते. म्हणून या भूमीत शहाणपणाचा मार्ग बहुतेक वेळा एकच उरतो. डोंगर कापण्याऐवजी वेग कापावा.

काही ठिकाणी मात्र डोंगर कापायची गरजच नसते. कोयता पुरतो. पावसाळा संपता संपता घाटातल्या वळणांच्या आतल्या बाजूला टणटणी, गवत, बांबूची बेटे माजलेली असतात. आषाढात जे वळण उघडे होते, ते अश्विनात बंद होते. झाडांवर माझा जीव आहे, सरसकट झाडे तोडा असे मी म्हणणार नाही. झाडाचेही दोन प्रकार असतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे असलेले झाड चालकाला रस्ता कुठे वळतो ते लांबूनच सांगते. त्याच्या बुंध्याला पांढरा पट्टा मारला की रात्रीही ते सांगत राहते. आतल्या अंगाचे झुडूप मात्र वळण लपवते. पहिले जपावे, दुसरे छाटावे. वर्षातून दोनदा एवढे केले तरी कित्येक वळणांवर दहा-पंधरा मीटरचा टप्पा फुकट मिळेल.

आता सपाटीवर उतरू, कारण दृष्टी-अंतराचा प्रश्न घाटापुरता नाही. शहादा-तळोद्याच्या उसाच्या पट्ट्यात पाहा. दोन रस्ते जिथे एकमेकांना मिळतात, तिथे दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना एकमेक दिसण्यासाठी कोपऱ्यावर एक त्रिकोणी जागा मोकळी असावी लागते. अभियंते तिला दृष्टित्रिकोण म्हणतात. आपल्याकडे त्या त्रिकोणात ऊस उभा असतो. ऊस माणसाच्या उंचीच्या वर गेला की चौक आंधळा होतो. तोड झाली की तोच चौक पुन्हा डोळस होतो. म्हणजे एकाच जागेचा धोका पिकाच्या हंगामाप्रमाणे वाढतो आणि कमी होतो, आणि नेहमीचा चालक नेमका गाफील असतो, कारण महिन्यापूर्वी त्याला इथून सारे दिसत होते. यावर उपाय शेतकऱ्याच्याच हाती आहे. कोपऱ्यावरच्या थोड्या जागेत ऊस न लावता मिरची, भुईमूग किंवा हरभरा लावावा. नंदुरबारची मिरची सगळ्या देशाला ठाऊक आहे, आणि मिरचीचे झाड चालकाच्या डोळ्याच्या उंचीवर जात नाही. दोन-चार सऱ्या उसाचे नुकसान होईल. त्या बदल्यात सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी समोरच्या ट्रॅक्टरला दिसेल.

शहरातल्या चौकात ऊस नसतो, तिथे फ्लेक्स असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल अभिनंदन, यात्रेत हार्दिक स्वागत. नेमका कोपरा धरून, नेमका डोळ्याच्या उंचीवर. हसतमुख चेहऱ्यांच्या त्या भिंतीआडून एखादे पोर रस्त्यावर येते आणि दुचाकीवाल्याला ते शेवटच्या क्षणी दिसते. कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही धर्माच्या उत्सवात हे चित्र सारखेच असते.

रात्रीचे गणित आणखी कठीण. रात्री नजरेचा टप्पा डोळा ठरवत नाही, दिवा ठरवतो. समोरून गाडी आली, आपण डिपर दिला, की आपल्या दिव्याचा प्रकाश चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे फारसा कामाचा उरत नाही. मघाचे आकडे आठवा. ८० च्या वेगाने जाणाऱ्याला १२० मीटर हवेत. म्हणजे रात्री डिपरवर ८० ने जाणारा माणूस आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो. त्यात पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. बैलगाड्या असतात, गडद कपड्यांत कडेने चालणारी माणसे असतात. काठीच्या होळीला रात्रभर डोंगर तुडवत पायी निघणारे लोक असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबे मालमोटारीत बसून रात्रीचाच प्रवास करतात, लहान लेकरांसह. ट्रॉलीच्या मागे चिकटवायची लाल चकाकती पट्टी फार महाग नसते. साखर कारखान्यांनी, बाजार समित्यांनी ती हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक गाडीला लावून द्यावी. ज्याला दिसत नाही त्याला दिसेल असे करणे, हे पुण्याचेच काम आहे.

वेग डोळ्याचेही काहीतरी करतो. हात लांब करून अंगठा धरला तर तो जेवढी जागा व्यापतो, जवळपास तेवढीच जागा आपला डोळा कोणत्याही क्षणी अगदी स्पष्ट पाहत असतो. बाकीचे आजूबाजूचे सारे अंधुक असते, आणि डोळा इकडे-तिकडे फिरून ते जुळवत राहतो. वेग वाढला की चालकाची नजर लांब समोर खिळते आणि कडेचे त्याच्या लक्षातून निसटू लागते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात डोळ्यांना झापडे लावलेली जनावरे आपण पाहिली असतील. त्यांना फक्त समोरचे दिसते. वेग चालकाच्या डोळ्यांना तशीच झापडे लावतो. आणि आपल्या रस्त्यांवर संकट बहुधा कडेनेच येते. शेळी, म्हैस, पोर, एसटीतून उतरून बसच्या मागून रस्ता ओलांडणारी म्हातारी.

काही वर्षांपूर्वी धडगावच्या एका कार्यक्रमाला जाताना मी काळीपिवळीत चालकाच्या शेजारी बसलो होतो. पोरगा पंचविशीचा असेल, त्याच डोंगरातला. एका अवघड वळणाआधी त्याने टेपवरचे गाणे बंद केले, काच खाली केली, गाडी जवळजवळ थांबवली, हॉर्न दिला आणि क्षणभर ऐकत राहिला. मग वळण घेतले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “चाचा, इथं डोळ्याला दिसत नाही, मग कानानं बघावं लागतं.” खालून वर चढणारा ट्रक दिसला की तो बाजूला उभा राहायचा. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम त्याला पाठ होता. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे किती कठीण, हे त्याने मला गिअर बदलता बदलता समजावले. त्याने दृष्टी-अंतराचे पुस्तक वाचलेले नव्हते. पण पुस्तकात जे लिहिले आहे, तेच तो करत होता. जेवढे दिसते तेवढेच चालायचे.

असे चालक आहेत, म्हणून आपण सुखरूप घरी पोहोचतो. पण सगळा भार त्यांच्या शहाणपणावर टाकणे योग्य नाही. दिवसातून पाच फेऱ्या मारणारा, पहाटे उठलेला, हप्ते फेडणारा माणूस प्रत्येक वळणावर तितकाच सावध राहील, हे गृहीत धरून रस्ता बांधता येत नाही. ‘नजर हटी, दुर्घटना घटी’ असे फलक आपण घाटाघाटांत वाचतो. फलक खोटे नाहीत, पण ते सारे चालकालाच बोलतात. जिथे नजर हटलेली नाही, पण नजरेला काही दिसतच नव्हते, तिथे काय लिहायचे?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिले आहे, अतिवेग. ‘अति’ म्हणजे कशाच्या तुलनेत? फलकावरच्या आकड्याच्या तुलनेत, की दिसणाऱ्या रस्त्याच्या तुलनेत? एखाद्या आंधळ्या वळणावर फलकावरच्या मर्यादेत चालणारा माणूसही नजरेच्या हिशेबाने अतिवेगात असू शकतो. नोंदीच्या कागदावर ‘वळणापलीकडे किती मीटर दिसत होते’ हे मोजून लिहिले गेले, तर पुढच्या अपघाताला आळा घालता येईल.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. दूरवर दिसणारा रस्ता आपोआप सुरक्षित होत नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याची आखणी ताशी १५० चा वेग धरून झाली, आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. तिथे नजरेचा टप्पा भरपूर आहे. तरीही १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात त्याच मार्गावर बसला अपघात होऊन, आग लागून २५ प्रवासी गेले. रस्ता जितका लांब दिसतो, तितका माणूस निर्धास्त होतो, वेग वाढवतो, कधी डुलकीही घेतो. म्हणजे टप्पा वाढवला की वेगही वाढतो, आणि वेगाला पुन्हा जास्त टप्पा लागतो. म्हणूनच रस्ता कुठे लांब दाखवायचा आणि कुठे चालकाला मुद्दाम सावध करायचे, हे ठरवणे हीच रस्ता आखणाऱ्याची खरी कला आहे.

स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत एक धोरण मंजूर केले. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि तसा रस्ता बांधणे हे शासनाचे कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद भरली. जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात, तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असे तिच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. आपल्याकडेही २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे नवे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल करणाऱ्यांनी सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण रस्त्यालाही जबाब द्यावा लागेल, हे कायद्याने मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे.

मग आपण काय मागायचे? ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, निवेदनात आपण नेहमी ‘डांबरीकरण करावे’ एवढेच लिहितो. त्याच्या पुढे चार ओळी लिहाव्यात. डांबर टाकण्याआधी प्रत्येक वळणावर किती मीटर दिसते ते मोजावे. जिथे कमी दिसते, तिथे वळणाच्या आधीच, दिसेल अशा जागी वेग कमी करायला लावणारी खडबडीत पट्टी, फलक आणि चकाकणारे दिशादर्शक बाण लावावेत. अरुंद घाटात किलोमीटरला दोन-तीन ठिकाणी गाड्या बाजूला घेण्याइतकी रुंद जागा करावी. दरीकडे कठडा, वळणावर आरसा, आणि दसऱ्याच्या आत झुडपांची छाटणी. आश्रमशाळा आणि आठवडे बाजारांच्या गावांत ३० ची मर्यादा. आणि एसटीच्या फेऱ्या पुरेशा असाव्यात, म्हणजे माणसांना पिकअपच्या हौद्यात उभे राहून घाट उतरावा लागणार नाही. हौद्यात उभ्या असलेल्या माणसाला लांबचे दिसते खरे, पण ब्रेक त्याच्या पायाखाली नसतो.

यातली बहुतेक कामे फार खर्चाची नाहीत. कोणी तरी वळणावर उभे राहून, गुडघ्यावर बसून, चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून पलीकडे पाहण्याची गरज आहे. बांधकाम खात्यात हे जाणणारे अभियंते आहेत. त्यांच्याकडे आपण गुळगुळीतपणा मागत आलो, त्यांनी तो दिला. आता आपण त्यांच्याकडे नजर मागू या.

पुढच्या वेळी घाट चढाल, तेव्हा एखाद्या वळणाआधी मनात मोजून पाहा. मला किती खेळपट्ट्या दिसतात? आणि माझ्या गाडीला थांबायला किती लागतील? उत्तर जुळत नसेल, तर पाय थोडा सैल करा. वळणापलीकडून येणाराही आपल्यातलाच कोणीतरी असतो.